खोली, मशीन आणि मार खायची विद्या

मी, दत्ताराम सहदेव परब, वय वर्षे चौसष्ट, व्यवसाय पूर्वी सिनेमात फायटर म्हणजे हिरोचा मार खाणे, सध्या निवृत्त, राहणार दहिसर पूर्व, मुंबई, आज पूर्ण शुद्धीत बसून हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत असं वकीलबाई म्हणाल्या. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी फूस लावलेली नाही. माझी पत्नी प्रेमा हयात नाही. वारस दोन. मुलगा नितेश, राहणार मुलुंड, विमा कंपनीत नोकरी. मुलगी दिशा, राहणार माझ्याजवळ, व्यवसाय व्हिडिओ गेम बनवणे.

लिहिण्याचं कारण एकच आहे. माझ्या पश्चात ही खोली विकून पैसे निम्मे निम्मे करावेत असं नितेशचं म्हणणं आहे. दिशा याच खोलीत राहते आणि याच खोलीत काम करते. खोली गेली की तिचा अर्धा झालेला गेमही गेला, कारण मुंबईत भाडं भरून असलं काम कोणाला जमत नाही. दोघंही माझीच पोरं आहेत. मी गेल्यावर त्यांची जुंपण्यापेक्षा आत्ताच काय ते सांगून मोकळा होतो.

कलम पहिले : खोली. चाळ पाडून टॉवर झाला, तरी फ्लॅट म्हणायला माझी जीभ वळत नाही. ही मिळकत माझ्या स्वकष्टाची आहे. कष्ट हा शब्द इथे जसाच्या तसा घ्यावा. जिन्यावरून गडगडत, काचेतून आरपार जात आणि पाठीवर पडत मी ती कमावली. वडिलोपार्जित यात काही नाही. माझ्या वडिलांकडे गिरणीचा संप होता, तो वाटून घेण्यासारखा नव्हता. सदर खोली मी दिशा हिला पूर्ण मालकी हक्काने देत आहे. नितेश याने तीवर दावा सांगू नये.

कलम दुसरे : बँकेतली ठेव, असेल तेवढी सगळी, नितेशला. प्रेमाच्या पाटल्या सूनबाई नमिता हिला. पाटल्या तिने हातात घालाव्यात, लॉकरात घालू नयेत.

कलम तिसरे : टीव्हीला जोडलेलं गेमचं मशीन, दोन रिमोट आणि सगळे गेम. हे नितेशला. होय, नितेशलाच. दिशाचं मशीन वेगळं आहे. नितेशने जन्मात धड गेम खेळलेला नाही आणि “टाइमपास” याखेरीज त्यावर त्याचं दुसरं मत नाही, म्हणून कुठला गेम काय लायकीचा आहे ते लिहून ठेवणं मला भाग आहे. इंग्रजी नावं माझ्या तोंडात बसत नाहीत. मी ठेवलेल्या नावांनीच लिहितो, डब्यांवर तशा चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत.

हा नाद मला दिशाने लावला. ती तेव्हा अंधेरीला एका स्टुडिओत नोकरी करायची. एक दिवस मला हाक मारून म्हणाली, “बाबा, ही तलवार जड वाटते का बघा.” मी बघितलं आणि म्हटलं, “थर्माकोलची आहे. उचलताना त्याचा खांदा हललाच नाही.” मग तिने दुसरा गेम लावला. त्यात एक चिलखतवाला कुऱ्हाड उचलत होता. आधी त्याचा पाय रुतला, मग कंबर वळली, मग खांदा गेला, आणि सगळ्यात शेवटी कुऱ्हाड आली. मी खुर्चीत सरळ झालो. ज्या कोणी हे केलं होतं त्याने वजन उचलणारा माणूस मन लावून बघितला होता. इतक्या वर्षांत एकाही फाइट मास्टरने आम्हाला तसं बघितलं नाही.

तो गेम म्हणजे ‘राखेवाला’. नितेश, सुरुवात इथून कर. यात प्रत्येक वाराला दम खर्च होतो आणि दम संपला की तू नुसता बावळटासारखा उभा. दोन वार करायचे आणि मागे यायचं. तिसऱ्याचा मोह झाला की वाट लागली म्हणून समज. सिनेमात हिरोला कधी दम लागत नसे, तो आम्हालाच लागायचा. लोक या गेमला अवघड म्हणतात, मी प्रामाणिक म्हणेन. मार बसला तर चूक तुझी असते आणि कुठे चुकलं ते तुला दिसतं. अशी नोकरी मला कुठे मिळाली नाही.

माझी अडचण मात्र वेगळीच झाली. समोरच्याने हात उगारला की मी लगेच लोळण घ्यायचो, वार यायच्या आधीच. आमच्या धंद्यात तेच करायचं असतं. पंच नाकाजवळून जातो आणि आपण मान फेकून कोसळायचं, त्याला रिअ‍ॅक्शन म्हणतात. माझ्या रिअ‍ॅक्शनला मागणी होती. पण राखेवाल्यातले राक्षस हात उगारून थांबतात, मुद्दाम. तुम्ही लोळून उठता आणि मग ते सावकाश हाणतात. “बाबा, तो अजून मारतोय कुठे?” म्हणून दिशा हसून हसून आडवी व्हायची. ज्याने ते थांबणं शोधून काढलं त्याला माझा दंडवत.

दुसरा ‘टणटण्या’. यात ढाल नाही आणि पळून उपयोग नाही. वार येईल त्याच क्षणी आपली तलवार आडवी घालायची, टण्ण असा आवाज येतो. असं टण्ण टण्ण करत, समोरच्याचा तोल सुटेपर्यंत जागा सोडायची नाही. ही तुझ्या आईची, प्रेमाची पद्धत. भांडण झालं की ती दारात उभी राहायची, आवाज चढवायची नाही, माझ्या एकेका वाक्याला एकेक उत्तर द्यायची, आणि शेवटी मीच पिशवी घेऊन भाजी आणायला निघायचो. मागून म्हणायची, “पडा हवे तितके, पण घराक येवा.” निव्वळ तलवारबाजी म्हणशील तर सगळ्यांत हाच उजवा. पण तू हा आधी घेऊ नकोस, तुझा पेशन्स मला ठाऊक आहे.

तिसरा ‘रक्ताळ्या’. यात मार बसला की तिथल्या तिथे उलटा वार करायचा, म्हणजे गेलेलं रक्त परत मिळतं. घाबरून मागे सरलास तर गेलं ते गेलं. काय डोकं चालवलंय रे. बाकीचे गेम सांगतात सांभाळून राहा, हा सांगतो पुढे हो. दिशाचा हा आवडता. स्टुडिओने तिचं काम बंद केलं त्याच आठवड्यात तिने स्वतःचा गेम सुरू केला. तू त्याला अविचार म्हणालास. मी त्याला रक्ताळ्या म्हणतो.

चौथा ‘मोकळं रान’. यात घोडा आहे. बॉस, म्हणजे वाट अडवणारा मोठा राक्षस, भारी पडला तर त्याला तिथेच ठेवून खुशाल निघून जावं, चार मुलूख फिरावेत, अंगात बळ आलं की परत यावं. लढाईच्या बारकाव्यात हा टणटण्याच्या खाली, पण मनाने फार मोठा. निघून गेलेल्याला हसत नाही. तू मुलुंडला वेगळा झालास तेव्हा चाळीतल्या लोकांनी मला बरंच टोचलं होतं. तेव्हा हा गेम खेळलेलो असतो तर त्यांना दोन शब्द सुनावले असते.

आणखी एक डबा आहे, त्यावर ‘आमचा धंदा’ अशी चिठ्ठी आहे. त्यात चार गुंड गोल करून उभे असतात, एकेक जण येऊन मार खातो आणि बाकीचे मुठी हलवत पाळीची वाट बघतात. मढच्या शूटिंगच्या बंगल्यावर आम्ही हेच करायचो. माझा दोस्त धर्मा मागे मुठी हलवता हलवता आज जेवणात काय आहे ते विचारायचा. हा गेम कोणालाही देऊन टाकावा.

कलम चौथे : उणीदुणी. एका हिरोने टेकमध्ये खरा ठोसा मारून माझा दात पाडला आणि वर मलाच “टायमिंग बघ ना” म्हणाला. नाव लिहीत नाही, तो आता नाही. त्याला माफ केलेलं नाही. ज्या फाइट मास्टरने गाद्या आल्या नसताना मला पत्र्यावरून उडी मारायला लावली, त्याला माझ्या तेराव्याला बोलावू नये. आपणहून आला तर दारातून परत धाडू नये. जेवू घालावं, पण गोड वाढू नये.

कलम पाचवे : माझ्या हालचाली. ही मिळकत कागदावर विचित्र दिसेल, पण आहे. दिशाचा गेम आपल्या कोकणातल्या वाडीचा आहे. त्यात वेशीवर राखणदार उभा असतो, काठी आणि घोंगडीवाला, जसा आपल्या गावी मानतात आणि नारळ ठेवतात तसाच. त्याला ओलांडल्याशिवाय वाडीत शिरता येत नाही. तो कसा चालतो, कसा वळतो, कसा मारतो यासाठी तिला खरा माणूस हवा होता. तिने अंधेरीत एक हॉल भाड्याने घेतला आणि मला अंगाला चिकटणारा काळा पोशाख घालून जागोजाग चमकत्या गोळ्या लावल्या, त्यांवरून कॅमेरे माझी हालचाल टिपून राखणदाराला देणार होते. आरशात बघून मीच हसलो.

तिच्याबरोबर काम करणारा सुयोग माझ्यावर बांबू चालवणार होता. त्याने चालवला आणि मी पडलो. झकास पडलो. परत चालवला, परत पडलो. दिशा म्हणाली, “बाबा, पडू नका.”

“अगं, मारलं ना त्याने.”

“लागलं कुठे? आणि लागलं तरी तुम्ही तिथले मालक आहात. तुम्ही का पडायचं?”

तरी दुपारी जेवण होईपर्यंत मी पडतच होतो. मग गुडघा दुखून आला आणि खाली जायलाच तयार होईना, तेव्हा कुठे मी उभा राहिलो. सुयोगचा बांबू आला आणि मी तो काठीवर घेतला. हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. दिशा रडत होती, मीही रडलो. त्या दिवसापासून राखणदार माझा डावा पाय ओढत चालतो. मी पाहिलेल्या सगळ्या बॉसमध्ये तो अव्वल आहे, आणि हे बाप म्हणून सांगत नाही, मार खाणारा म्हणून सांगतो. त्याचा वार आधी खांद्यात दिसतो, तो दम घेतो, तो थांबतो, आणि त्याला फसवता येत नाही. सदर हालचालींचे सर्व हक्क दिशाला.

आता शेवटचं. गेल्या गणपतीनंतर नितेश खोली विकायचं बोलायला आला होता. मी आतल्या खोलीत पडून होतो, दार उघडं होतं. दिशा वाद घालत बसली नाही. तिने त्याच्या हातात रिमोट दिला आणि म्हणाली, “दादा, एकदा बघ मी काय करते ते.” नितेश बेंगरूळपणे चालत वेशीपर्यंत पोचला. राखणदार पाय ओढत पुढे आला. नितेशने त्याला ओळखलं. त्याने तलवार उचललीच नाही. राखणदाराने त्याला मारलं. दिशाने परत सुरू केलं. तो परत नुसता उभा राहिला आणि परत मेला.

“दादा, मार ना.”

“बाबा आहेत ते.”

“त्यांना पाडल्याशिवाय पुढे जाता येत नाही.”

“मग नाही जायचं,” असं म्हणून त्याने रिमोट खाली ठेवला आणि तो निघून गेला. विकायचं बोलला नाही आणि नाही विकणार असंही बोलला नाही.

नितेश, तू पहिलीत होतास तेव्हा आई तुला शूटिंग बघायला घेऊन आली होती. मी मार खात होतो. तू धावत फ्रेममध्ये शिरलास आणि हिरोच्या पोटरीला कडकडून चावलास. युनिट हसलं, हिरो खवळला, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की माझ्या बाजूने कोणीतरी आहे. तू मारामारीचा राग राग करतोस तो तेव्हापासून, हे मला कळतं. दिशाने पगाराची नोकरी धरावी, कोणीही कुठे पडू नये, एवढंच तुझं मागणं आहे. तुझ्यावर माझा काडीचा राग नाही.

कलम सहावे व अखेरचे : दिशाला ताकीद, की मी गेलो म्हणून मायेने राखणदार सोपा करू नये, दादासाठीसुद्धा नाही. नितेशला विनंती, की ठेवीतले पैसे हातात आल्यावर त्याने या खोलीत यावं, बहिणीशेजारी बसावं आणि राखणदाराशी लढावं. दिशाने त्याचा रिमोट हातात घेऊ नये. लागेल तितका वेळ लागू दे, जेवायला थांब. तू शंभरदा मरशील, मी सोडणार नाही, मला तसं शिकवलंय तुझ्या बहिणीने. पण मार मला. जन्मभर मी परक्यांच्या हातून पडलो आणि त्याचे पैसे घेतले. एकदा माझ्या पोराच्या हातून पडू दे.

या मृत्युपत्रावर मी वाचून, समजून, राजीखुशीने सही केली आहे. यापूर्वी दुसरं कुठलंही केलेलं नाही.

(सही) दत्ताराम सहदेव परब
स्थळ : दहिसर, मुंबई
दिनांक : ११ जानेवारी २०२६

साक्षीदार : सदर मजकूर दत्ताराम परब यांनी आम्हा दोघांसमोर मोठ्याने वाचला व आमच्या देखत सही केली. ते शुद्धीत होते. अखेरचे कलम त्यांना वाचवेना, म्हणून ते मी, धर्मा भांजी याने, वाचले.

१. (सही) धर्मा काशिनाथ भांजी, निवृत्त फायटर, राहणार मढ
२. (सही) हेमांगी विलास राणे, वकील, राहणार बोरिवली