मरियेच्या बाळंतपणाची हकीकत

अंकुशनगर, २६ डिसेंबर

सौ. विहीणबाई आसराबाई (मु. धावडा) यांना उषाबाईचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे थंडीत कसे आहेत? आमच्या सूनबाईचे, रेणुकाचे, दिवस भरत आले. पाय सुजले का, झोप लागते का, सारखं मनात येतं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत बराबर आहे. तुम्ही "बारशालाच या" म्हणालात, तेही मी बिलकुल मनाला लावून घेतलं नाही. (फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही, म्हणून हे पत्र.)

काल नाताळ झाला. शेजारच्या वंदनाताई ख्रिस्ती. त्यांच्या मंडळींनी मैदानात येशूच्या जन्माचं नाटक लावलं. मला काम एकच, तीन राजांचे नजराणे पडद्याआड सांभाळायचे : सोनं, ऊद आणि गंधरस. गंधरस म्हणजे काय, विचारलं तर म्हणाल्या, बोळ. माझे हातच जोडले गेले. म्हणजे बाळंतबोळ! तिघांत एक तरी राजा बायामाणसांत वाढलेला निघाला. मंग मी घरचा खराच बोळ उगाळून राजाच्या वाटीत ठेवला. (रेणुकासाठी आणलेला, पुष्कळ उरलाय, घाबरू नका.)

पडदा वर गेला आणि माझा जीव खालीवर झाला. मरिया झालेली तृप्ती त्या वाऱ्यात उघड्या कानांनी बसलेली! लेकरू चाऱ्यावर. जवळ ना आई, ना सासू. एकटा योसेफ, तोही काठीला टेकून. मी उठलेच. तिचे कान माझ्या मफलरने बांधले. राजाचा ऊद पडद्याआड निखाऱ्यावर होताच, तो आणून त्यात मूठभर ओवा टाकून शेक दिला. धूर असा झाला, की स्टुलावरचा देवदूत "भिऊ नका" म्हणायच्या आधी खोकायलाच लागला. मेंढपाळ थेट रानातून बाळाकडे निघाले, त्यांना दारात अडवलं : आधी पाय धुवा. (तुमच्या घरचे मेंढपाळ असते तर सांगावं लागलं नसतं, वर घोंगडीही आणली असती.) हापशावरून बादली येईस्तोवर नाटक थांबलं. वंदनाताई पडद्याआडून ओरडल्या, "अहो मावशी, नाटक आहे हे!" मी म्हटलं, "असू दे की! ओली बाळंतीण हाय ती, वारं काय नाटक बघून थांबतंय का?" तेवढ्यात राजा झालेले काकासाहेब आले. त्यांच्या हातची वाटी घेऊन मी बोळ सरळ तृप्तीच्या तोंडात घातला. तिचं तोंड असं वाकडं झालं, की सगळं मैदान हसलं. पुढच्या रांगेतल्या बायका तर उठून उभ्याच राहिल्या. कुणी म्हणे डिंक द्या, कुणी म्हणे पोट बांधा.

वंदनाताई रागावतील वाटलं. डोळे पुसत म्हणाल्या, दोन हजार वर्षांत या पोरीला पहिल्यांदा सासू मिळाली. (डोळे धुरानं असतील.)

असो. मी काही रीतीबाहेर जाणार नाही. बारशालाच भेटू.

तुमची,
उषाबाई

ता. क. हे सगळं सहज लिहिलं. मनात काही न्हाई.

ता. ता. क. टपालाला खर्चा, वर चार दिवस. म्हणून भोकरदनची बस धरून पत्र मीच घेऊन आले आहे. तुमच्या दाराखालून सरकवते. सावकाश वाचा, पण आधी कडी काढा. बोचक्यात महिनाभराचे कपडे आहेत, हात भरून आले.