वाढून ठेवलेलं ताट

आबा, तुमच्या धाकट्याची नात लोणखेड्याच्या कॉलेजात शिकते. तुम्ही तिला पाहिलं नाही. तिने कॉलेजच्या अंकासाठी गोष्ट लिहिली आणि मला वाचायला दिली. मी आठवी नापास, पंपाच्या जळक्या मोटारींत तार भरणारा माणूस, मला गोष्टीतलं काय कळतं. तरी दुकानात बसून वाचली. दोन पोरं आहेत, एकमेकांवर जीव लावतात, नवरा-बायको लावतात तसा. तरण्या पोरांसाठी असली पुस्तकंच निघतात म्हणे आता, पोरगी मोबाईलवर तेच वाचत असते. शेवटी एका पोराचा बाप दुसऱ्याला आखाजीच्या सणाला घरी बोलावतो, आपल्या शेजारी बसवून ताट वाढतो. संपली गोष्ट.

"कशी वाटली, नाना?"

"खोटी."

"कुठे खोटी?"

मी सांगितलं. दोघं शहाद्याच्या स्टँडवर हातात हात घालून फिरतात, ते खरं. आपल्याकडे दोन गडी बोटात बोट अडकवून बाजारभर फिरले तरी कोणी पाहत नाही, एका खाटेवर झोपले तरी नाही. बोंब होते ती लग्नाला नाही म्हटल्यावर. तेही तिने बरोबर लिहिलंय. पण ताट वाढणारा बाप? असा बाप नसतो.

ती चिडली. "मंग काय करू, एकाले इहिरमा ढकलू? ज्या गोष्टीमा दखो तठे एक जण मरसच. नाना, धडगावकडला एखादा पोऱ्या हाई वाचीन. त्याले एक तरी घर सापडू दे."

"खोटं घर दाखवून त्याचं काय भलं होणार?"

काल नवीन शेवट घेऊन आली. बाप दार लावून घेतो. दुसरा पोरगा बाहेरच्या बाहेर निघून जातो. "आते खरी वाटस का?" मी म्हटलं, हो. उद्या अंकात द्यायची आहे. ती गेली आणि मी पंप खोलायला घेतला, पण तार तीनदा उलटी गुंडाळली. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं.

तो तळोद्याचा, माझ्यासोबत वाइंडिंग शिकायला होता, आठवतो ना तुम्हाला? आठवत असणार. तुम्ही एकदाच त्याच्याबद्दल बोललात. आखाजीच्या आधी चार दिवस. तुम्ही बैलांना पाणी पाजताय, पाठ माझ्याकडे. आईने त्याच सकाळी पोरगी पाहायला जायचं काढलेलं, आणि मी नाही म्हणून बसलेलो. मला वाटलं आता शिव्या येतील. तुम्ही बादली खाली ठेवली आणि म्हणालात, "तुन्हा त्या तळोदावालाले आखाजीले जेवाले बोलाव. घरमा मांडा व्हतीन." एवढंच. तोंड वळवून पाहिलंसुद्धा नाही.

मी विचार केला, हा डाव आहे. भाऊबंद बसलेले असतील, सगळ्यांसमोर त्याला विचारतील, तुझं काय काम इथे. तुम्ही तसं कधी कोणाला केलं नव्हतं, पण मी कुठे तुमच्याकडे पाहत होतो. बाप म्हणजे काय करणार, हे मला आधीच माहीत होतं.

आखाजीच्या दिवशी घागर पुजली, पितरांचा घास अग्नीत टाकला. आईने मांडे केले. तुमच्या शेजारी एक ताट जास्तीचं. भाऊबंद कोणीच नव्हते, घरचीच माणसं. तुम्ही आमरसाची वाटी स्वतः भरून त्या ताटात ठेवली, माशा बसू नयेत म्हणून वर पान झाकलं. मी बाहेरून आलो आणि म्हटलं, तो काही येत नाही. आपल्यासारख्याच्या घरी जेवायला त्याला आवडत नसेल. तुम्ही पानाकडे पाहिलं. "नही ऊना? ऱ्हाऊ दे." जेवलात. ते ताट संध्याकाळपर्यंत तसंच होतं, मग आईने गायीला घातलं. त्यानंतर पोरगी पाहायचा विषय तुम्ही घरात काढू दिला नाही, आणि त्याचाही नाही. मीही विचारलं नाही का ते. मग तुम्ही गेलात.

तो सुरतेकडे निघून गेला. मागल्या साली वारला असं कोणीतरी दुकानात सांगितलं. मला रडू आलं नाही. त्या दिवशी मी दोन मोटारी भरल्या, दोन्ही चालू झाल्या.

आत्ता दुपारी पोरीला फोन केला. "पहिला शेवट ठेव, ताटाचा."

"तुम्हीच खोटा म्हणाले ना!"

"ठेव म्हटलं ना."

"पण का, नाना?"

"चुकलो असेन. गिऱ्हाईक आलंय." गिऱ्हाईक नव्हतं. फोन ठेवला आणि हा कागद काढला. जळक्या तारांच्या डब्यात टाकून देईन, तिथे कोणी हात घालत नाही.

आबा, तो आला होता. दहाच्या गाडीने शहाद्याला उतरला, धुतलेला सदरा घालून, घागरीवर ठेवायला काखेत खरबूज, आपलं डांगर, घेऊन. मी त्याला स्टँडवरच गाठलं. म्हटलं, आबांनी सांगितलंय, येऊ नको.