दत्तराव सरांची एकादशी

प्रिय नागसेन,

जयभीम.

समुद्र पाहून आले. समुद्र बरा आहे, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती सोबतच्या माणसांची, आणि ती फोनवर सांगण्यासारखी नाही, कारण फोनवर तू दर वाक्याला "आई, जाऊ दे ना" म्हणतोस. पत्रात तुला मधे तोंड घालता येत नाही. म्हणून निवांत लिहायला बसले आहे.

निघताना तू दिलेली कामगिरी माझ्या लक्षात होती. शाळेच्या स्टाफची सहल अंदमानला निघाली आहे, दत्तराव सर सोबत आहेत, घरापासून लांब गेला की माणूस मोकळा होतो, तेव्हा वेळ बघून तुझी आणि त्यांच्या प्रियांकाची गोष्ट काढ, असं तू म्हणाला होतास. मुलीच्या बापाने तोंडाने हो म्हटल्याशिवाय मी या लग्नाला उभी राहणार नाही, ही अट माझीच. तेव्हा विचारायचंही मलाच होतं.

वीस-बावीस वर्षं मी या माणसाबरोबर एका स्टाफरूममध्ये बसते आहे. नाव कोरलेला त्यांचा स्टीलचा ग्लास कपाटात कुलपाआड असतो, हे तुलाही माहीत आहे. बाकी बोलायला साखर. तुझ्या दहावीच्या निकालाला पेढे घेऊन आले आणि दारातच उभं राहून तुझं कौतुक करून गेले. चहा म्हटलं की, "आज उपास हाय, मॅडम." सोमवारी महादेव, गुरुवारी दत्त, शनिवारी मारुती, आणि उरलेल्या वारी पोट बिघडलेलं. आपला उंबरा दिसला की या गृहस्थांची भूक मरते.

तर बेटावर पोचलो. पांढरी वाळू, निळं पाणी, आणि आमच्या मंडळींनी काय केलं? वाळूवर सतरंजी अंथरली, धपाटे सोडले आणि सेलूला कापूस काय भावाने गेला यावर वाद घालत बसले. एका बेटावर माणसाळलेली हरणं आहेत. हरभऱ्यात हरणं उतरली की फटाके फोडून, आयमाय काढून हाकलणारे आमचे शेतीवाले मास्तर तिथे तिकीट काढून त्यांना बिस्किटं भरवत होते आणि "किती गरीब जनावर हाय" म्हणून गहिवरत होते. शेजारी पाटी होती, प्राण्यांना खायला घालू नये. पाटीवरचं वाचायची सवय मास्तरांना वर्गापुरतीच. संध्याकाळी एका छोट्या बेटावर पोपटांचे थवे झोपायला येतात, ते बघायला होडी गुपचूप उभी करतात. आमच्या होडीत मोबाइलवर गाणी चालू होती. पोपटांनी आम्हाला पाहिलं असेल, आम्ही पोपट पाहिले नाहीत.

रात्री एका बंगाली बाईच्या खानावळीत जेवलो. मोहरीचं वाटण लावून केळीच्या पानात वाफवलेला मासा होता, नारळाच्या रसातली सुरमई होती. मी तर तुटून पडले. दत्तराव सरांनी तो मासा तीनदा वाढून घेतला आणि बोटं चाटली. रांधणारी कोण, कुठली, आडनाव काय, एक शब्द विचारला नाही. त्याच पंगतीत आपल्या नर्मदाबाई मॅडम घरून आणलेला साबुदाण्याचा चिवडा चावत बसल्या होत्या, कारण त्या दिवशी एकादशी होती. ही एकादशी ध्यानात ठेव, पुढे लागेल. मला मात्र वाटलं, माणूस खरंच मोकळा झाला की काय.

दुसऱ्या दिवशी पाण्यात तोंड बुडवून समुद्राचा तळ बघायचा होता. डोळ्यांना मोठा चष्मा लावतात आणि तोंडात एक वाकडी नळी देतात. तिचं रबरी टोक दातांत धरायचं आणि तोंडाने श्वास घ्यायचा. आधीच्या माणसाच्या तोंडातली नळी तिथला गाईड बादलीत बुचकळतो आणि पुढच्याच्या तोंडात देतो. सरांनी आपला ग्लास सहलीला आणला होता, पण नळी काही घरून आणलेली नव्हती. त्या बादलीकडे पाहून त्यांचा जो चेहरा झाला, तो बघायला तू हवा होतास.

सर हवा भरलेल्या टायरला धरून तरंगत होते. मला टायर लागला नाही. गावच्या विहिरीत आपल्याला उतरू देत नसत, म्हणून तुझ्या आजोबांनी पाठीला वाळका भोपळा बांधून मला पूर्णा नदीत पोहायला शिकवलं होतं. समुद्र नदीपेक्षा सोपा निघाला. खारं पाणी माणसाला आपणच उचलून धरतं. आणि खाली काय होतं म्हणून सांगू! हळदीच्या रंगाचे मासे, जांभळे मासे, दगडासारख्या दिसणाऱ्या पण जिवंत असलेल्या बागा. मला इतका आनंद झाला की रडू आलं. आजोबांना हे दाखवायला हवं होतं.

तेवढ्यात गाईड ओरडला, "कछुआ!" खालून एक मोठं कासव चाललं होतं. सरांनीही ओरडायला तोंड उघडलं आणि त्यांची नळी निसटून तळाला गेली. तसा त्यांनी माझ्याकडे हात केला. "कूर्मावतार हाय मॅडम, दर्शन होऊ द्या, तुमची द्या हिकडं!" आणि माझ्या तोंडातून काढलेली नळी त्यांनी झटकली नाही, बुचकळली नाही, थेट दातांत धरली.

नागसेन, त्या क्षणी मला तुझं लग्न ठरल्यासारखं वाटलं. देवासाठी का होईना, या माणसाने माझं उष्टं तोंडात घेतलं. आता हा नाही कसा म्हणेल? होडीत बसल्यावर मी पदर सारखा केला आणि विषय काढणार, तोच सर जवळ सरकले. बाटलीतल्या पाण्याने त्यांच्या तीन-चार चुळा भरून झाल्या होत्या. खारट पाण्यामुळे असेल, असं मी मनाला समजावलं होतं. तर हळूच म्हणाले, "मॅडम, ते नळीचं आपल्या गावात, पूर्णेत कुठं काढू नका बरं का. लोकायला समजत न्हाई, घरी लय कटकट होईल."

मला किळस आली. दुसऱ्या फेरीसाठी ती नळी परत माझ्याकडे आली, तेव्हा मी ती बादलीत चांगली खळखळून घेतली. तुझा विषय काढला नाही.

तरी तुझ्यासाठी म्हणून एक शेवटची संधी दिली. पूर्णेला गाडीतून उतरल्यावर सगळ्यांना घरी चहाला आणलं. तुझ्या बाबांनी आधण ठेवलंच होतं. सगळे आत आले, नर्मदाबाईंनी तर पोहेही मागून घेतले. दत्तराव सर उंबऱ्याबाहेर थांबले आणि म्हणाले, "मला नको मॅडम, आज एकादशी हाय." ती एकादशी होऊन चार-पाच दिवस झाले होते आणि तिच्या पोटात तीनदा वाढून घेतलेला मासा गेला होता! नर्मदाबाई हातात बशी धरून त्यांच्याकडे बघतच राहिल्या. खोटं बोलायचं तर निदान कॅलेंडर तरी बघावं माणसाने.

काल संध्याकाळी प्रियांका आली. उंबऱ्यात थांबली नाही, सरळ स्वयंपाकघरात आली आणि माठातलं पाणी घेतलं. दूध संपलं होतं, तर माझ्या कपातला उरलेला चहा बशीत ओतून पिऊन टाकला. मग विचारलं, "बाबाला इचारलं का हो आई?" मी नाही म्हटलं. पोरीचे डोळे भरून आले.

म्हणून हे पत्र. तू ज्या होकाराची वाट बघत बसला आहेस, तो मी मागितला नाही आणि मागणारही नाही. होकार देण्याइतका तो माणूस मोठा आहे असं समजून मी अट घातली होती. तेवढा तो नाही. अट मी काढून टाकली, हे मी प्रियांकालाही सांगितलं आहे. परभणीच्या नोंदणी कार्यालयात तारीख धरा, साक्षीदार म्हणून पहिली सही माझी. दत्तराव सरांना आमंत्रण द्यायला मी स्वतः जाईन आणि त्यांच्या घरचं पाणी मागून पिऊन येईन. जेवण मात्र खऱ्या एकादशीला ठेवू. मुलीच्या लग्नात तरी त्यांना खोटं बोलावं लागू नये.

तुझीच, वाळक्या भोपळ्यावर पोहायला शिकलेली,
आई