अर्नीभाऊचं पान

तीर्थरूप बाई,

धाकट्या भावाचा, मुखरूचा, तुझ्या पायावर साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून साष्टांग कागदावरच मानून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला का? कपाशी कशी काय? इथी धान बरा आहे, पोळा बरा झाला, तुझी भावजय चंदाही बरी आहे, फक्त माझ्यावर चिडून आहे, म्हणजे सारं जागच्या जागी आहे. तीन वर्षांपासून तू माझा फोन उचलत नाईस, म्हणून हे पत्र. गोपाल उद्या तुमच्या कोरपन्याले चालला, त्याच्या हाती देऊन राह्यलो. वाचायच्या आधी फाडू नको. फाडायचंच असेल तर वाचून फाड.

तर झालं काय, मागच्या बुधवारी भर दुपारी आपल्या दारात एक गोरी पोरगी उभी. पाठीवर हे एवढं बोचकं, तोंड उन्हानं लालबुंद. मी म्हणलं, पोरी, वाट चुकली, ताडोबा तिकडं राह्यला, इथी वाघ नाई. (आहे, पण त्याले तिकीट नाई.) वाघाचं नाव काढलं अन् ती बिचारी रडकुंडीलेच आली. मग माझ्या दिव्यानीनं (कॉलेजात गेल्यापासून इंग्रजी फाडफाड बोलते, घरात मात्र काही विचारलं तर मुकी) तिले विचारून सांगतलं, की पोरगी चंद्रपुरात उतरली, अन् दोन वेळा लोकायनं तिले ऑटोत बसवून ताडोब्याच्या गेटवर नेऊन सोडलं. आपल्या इकडं गोरं माणूस आलं म्हणजे वाघ पाहायलेच आलं, त्याचं कोण ऐकून घेते! तिच्या हाती एक कागद होता, त्याच्यावर आपल्या आजाच्या अक्षरात त्याचाच पत्ता, ‘रामाजी, मुलचेऱ्याजवळ, जिल्हा चांदा’. आता चांद्याचं चंद्रपूर झालं अन् त्यातून गडचिरोली वेगळा निघाला, त्यालेही चाळीस वर्षं होऊन गेली, हे त्या कागदाले कोण सांगणार?

बाई, उभी असशील तर बस आता. ही पोरगी, रूबी, आपल्या अर्नीभाऊची पणती आहे. हो, तोच, आजाचा दुसऱ्या महायुद्धातला ऑस्ट्रेलियन दोस्त, ज्याचा फोटो आपल्या पितरांच्या ओळीत होता, अन् ज्याले दर पितृपक्षात वेगळं पान पडते. साठ वर्षांआधी त्याची पत्रं बंद झाली, आजा समजला की दोस्त गेला, अन् त्यानं घरात सांगून ठेवलं, माझ्या भावाचं पान चुकवू नका.

इथी मले एक कबूल करायचं आहे. आईच्या तेरवीले तो फोटो कोणाजवळ राहायचा यावरून आपण भांडलो अन् तू तो पदराखाली घेऊन गेलीस, तेव्हा भिंतीवर चौकोनी डाग राह्यला. मले तो पाहावे ना. अन् पान ठेवायचं कोणासमोर? म्हणून मी कापडाच्या दुकानाच्या कॅलेंडरवरचा एक गोरा कैचीनं कापून चौकटीत बसवला, अन् घरात सांगतलं, अर्नीभाऊचाच दुसरा फोटो सापडला. कोट, टाय, हातात चष्मा, सारखा हसून राह्यलेला. तीन वर्षं त्याले हार घातला, कुंकू लावलं, कढी-वडे वाढले. रूबीनं विचारलं, हा कोण? मी छाती फुगवून म्हणलं, तुझा पणजोबा! ती त्याच्याकडं पाहत राह्यली, मग दिव्यानीकडं पाह्यलं, अन् दोघी ओसरीत जाऊन अशा हसल्या, की चंदाले सारं समजलं अन् ती लाटणं घेऊन माझ्याकडं आली.

पण खरी फजिती पुढंच. रूबीनं विचारलं, हार कशासाठी? चंदानं सांगतलं, मेलेल्या माणसाले घालतो आम्ही. पोरीचं हसू थांबलं. म्हणे, पणजोबा तर जिवंत आहे! एकशे दोन वर्षांचा. रोज सकाळी दोन अंडी खाते. अरे बापा! जिवंत माणसाले आपण साठ वर्षं पितरात बसवून राह्यलो! चंदा म्हणते, उलट चांगलंच झालं, दोन घरचं जेवते म्हणून एवढा टिकला.

अन् आपण समजत होतो तसा तो साहेब-बिहेब नव्हता, बाई. पायदळातला साधा शिपाई. आधी मेंढ्यायची लोकर कापायचा, पायात धड बूट नव्हते, फौजेत भेटते म्हणून सतरा वर्षांचा असून एकवीस सांगून भरती झाला. मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, वाळवंटात खड्डे खोदले अन् त्यातच झोपला, पुढं न्यू गिनीच्या जंगलात हिवतापानं कुडकुडला (हे आपल्या मुलचेरा-एटापल्लीकडच्या माणसाले समजावून सांगायची गरज नाई). घरी गेला, पुन्हा मेंढ्यायची लोकर कापली, चार लेकरं वाढवली. लढाईचं कधी बोलला नाई. एवढंच म्हणे, की रामाजीनं मले वाचवलं.

आता आली का पंचाईत! आपल्या घरात तर ऐकत आलो, की अर्नीभाऊनं आजाले पाठीवर घेऊन वाचवलं. मग खरं कोणतं? रूबीनं मोबाईल लावला. म्हातारा आधी हसला, मग खोकलला, मग पुन्हा हसला. म्हणे, कोणीच कोणाले वाचवलं नाई. वाळवंटात तोफेच्या माऱ्यात दोघंही एकाच खड्ड्यात पडले, दोघायच्याही पायाले असं लागलं, की उभं राहता येईना. आजाचं सामान वाहणारं खच्चर तेवढं घाबरून छावणीत पळालं. रिकामं खच्चर पाहून लोकं माग काढत आले, तवा हे दोघं सापडले. म्हणजे पान खरं त्या खच्चराचं होतं! दोन दिवस त्यायच्याजवळ पाण्याची एक बाटली होती. आळीपाळीनं घोट घेतला. शेवटचा घोट मात्र हा म्हणे तू घे, तो म्हणे तू घे. लोकं आले तवा तो घोट बाटलीत तसाच होता.

हे ऐकल्यापासून मले जेवण गोड लागून नाई राह्यलं. ते दोघं ना एका देशाचे, ना एका भाषेचे. अन् आपण एका मायचे, एका फोटोसाठी तीन वर्षं तोंड फिरवून बसलो.

असो. तसं काही काम नव्हतं, सहज लिहिलं. भाऊजींना नमस्कार.

तुझा भाऊ,
मुखरू

ता. क. : काम एक आहे. अर्नीभाऊच्या घरात पुराचं पाणी शिरलं, त्याच्या जवानीचे सारे फोटो गेले. तो म्हणते, मी कसा दिसायचो तेच विसरलो, मरायच्या आधी एकदा पाहतो. आता जगात त्याचा तसा एकच फोटो आहे, तुझ्या देवघरात. रूबी रविवारी निघते. गोपालजवळ फोटो देऊ नको, तो गाडी कशी चालवते तुले माहीत आहे. तू स्वतः घेऊन ये.

ता. क. दुसरा : ‘पुन्हा या दारात पाय ठेवू नको’ असं मी तेरवीच्या दिवशी बोललो. चुकलं माझं, बाई. लई चुकलं. कॅलेंडरवाल्याले मी काढलं नाई, फक्त हार उतरवला. तीन वर्षं जेवू घातलेल्या माणसाले घराबाहेर कसं काढू?

ता. क. तिसरा : आपल्या आजाचा जवानीतला फोटो आपण कोणीच पाह्यला नाई ना? अर्नीभाऊच्या खिशातल्या पाकिटात होता, म्हणून पुरातून वाचला. रूबीनं आणला आहे. मी लिफाफा उघडला नाई. तू आली की दोघं मिळून पाहू.

ता. क. चौथा : खोटं काऊन लिहू, काल उघडला. टोपी तिरपी, नाक फुगलेलं, अन् तोंड असं, की आता जन्मात कोणाशी बोलणार नाई. हुबेहूब तू! माझ्या तोंडून एकदम निघालं, “बाई आली!” चंदा आतून पाय धुवायचं पाणी घेऊन धावली. दारात कोणी नव्हतं. ते पाणी तिनं परत आत नेलं नाई, दारातच ठेवलं आहे.