सगळ्या गाठी एका बरणीत

ती. ताईस,

धाकट्याचा उभ्यानेच नमस्कार. (वाकलो की बरगड्यांमधले टाके ओढतात.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजी घरी पोहोचले का? पोहोचले असतील तर त्यांना तिकडेच ठेव, पुन्हा इकडे पाठवू नकोस.

बसवत नाही म्हणून खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवून लिहितोय. चार ओळी झाल्या की छातीतून निघालेल्या नळीची बाटली उचलायची आणि वॉर्डात चक्कर मारायची. (शेजारच्या खाटेवरचे आजोबा मला 'गस्त' म्हणतात.)

ऑपरेशन नीट झालं. फुप्फुसाचा कॅन्सरवाला तुकडा काढला आणि सर्जनबाईंनी आसपासच्या बारीक लसिकाग्रंथीही वेचून काढल्या. रोग तिथेच थांबलाय की पुढे सरकलाय, हे त्या गाठी तपासल्यावर कळतं. म्हणून जिथली गाठ तिथल्या नावाची वेगळी बाटली: ही फुप्फुसाजवळची, ही श्वासनलिकेजवळची, असं. प्रयोगशाळा रस्त्यापलीकडे, आणि बाटल्या पोहोचवायचं काम नातेवाइकांचं, म्हणजे भाऊजींचं. आता ज्या माणसाने जन्मभर लोकांचे संसार खोक्यांत भरून गावोगाव हलवले, त्याच्या हाती अर्ध्या रिकाम्या बाटल्या दिल्यावर दुसरं काय होणार? (तू दिल्या नाहीस, कबूल. पण लग्न तूच केलंस.) जागा वाया गेलेली आणि काच काचेवर आपटलेली त्यांना बघवत नाही. त्यांनी सगळ्या गाठी औषधाच्या पाण्यासकट एका मोठ्या बरणीत ओतल्या, झाकणाला चिकटपट्टी लावली, वर ठळक अक्षरांत 'नाजूक' लिहिलं, लहान बाटल्या विसळून नर्सबाईंना परत दिल्या आणि शाबासकीची वाट बघत उभे राहिले.

सर्जनबाई कधी आवाज चढवत नाहीत, त्या दिवशी चढवला. मग मला समजावलं, की सगळ्या गाठी स्वच्छ निघाल्या तर काहीच बिघडलं नाही. पण एकीत जरी रोग सापडला, तर ती जवळची की लांबची हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, आणि लांबचीच धरून सगळ्यात कडक उपचार करावे लागतील. तेव्हापासून डोक्यात नुसता भुंगा. भाऊजींना मी नाही नाही ते बोललो, आणि बोललो ते बरंच केलं. ते मान खाली घालून पिशवी उचलून निघून गेले. जाण्याआधी माझं कपाट मात्र असं काही लावलंय की मोजे शोधायला अर्धा वॉर्ड जमला, ते निघाले पाणी प्यायच्या पेल्यात.

तुझा, हल्ली उभाच असलेला,
भाऊ

ता. क. रिपोर्ट शनिवारी आहे. ऐकायला घरचं माणूस सोबत असू द्या, असं बाई म्हणाल्या.

आणखी एक ता. क. तू येऊ नकोस. तू रडशील, मग मीही रडेन. भाऊजींना पाठव. ऑपरेशनला नेताना त्यांनी माझा हात धरला होता, वॉर्डबॉय 'आता सोडा' म्हणाला तरी दारापर्यंत सोडला नाही. येत नाही म्हणाले तर माझी शपथ घाल. मला फार भीती वाटतेय, ताई. शुक्रवारच्या गाडीनेच पाठव.