जर्मनची होडी

१२ जानेवारी १९८६
पेपरचा मजकूर सकाळच्या मुंबई गाडीत कंडक्टरकडे दिला. तिथून तसाच मिरजोळ्याला. भंगारवाल्याच्या आवारात काजूखाली होडी उपडी पडलेली. अॅल्युमिनियमची, बारा फूट. कोणत्या तरी खात्याची खाडी मोजायची होडी होती, लिलावात निघाली म्हणे. बूड ठेचलेलं, सांधे उललेले, एका बाजूला कोणीतरी खिळ्याने स्वतःचं नाव कोरलंय. थोरल्या भावाची, नानाची, लाकडी होडी ढकलायला सात-आठ जण लागायचे; ही दोन माणसं सहज ढकलू शकतील. मला तेवढंच पाहायचं होतं.
घेतली. वहिनीला सांगायचं राहिलं.

१४ जानेवारी
संक्रांत. टेंपो मांडवीच्या गल्लीत शिरला तेव्हा सगळे दारात. आपल्याकडे अॅल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मनची भांडी म्हणतात. शेजारच्या सखारामला तेवढं पुरलं. "पेपरवाल्यांनी जर्मनचा टोप आणला. झाकण मागनं येतंय वाटतं."
वहिनी आत निघून गेली. नाना ओटीवरून उतरला. अर्धांगाचा झटका आल्यापासून, म्हणजे गेल्या दिवाळीपासून, पायरी उतरला नव्हता. डावा हात पोटाशी. काठीने होडीवर टकटक केलं.
"वाजते रे."
एवढंच. पण संध्याकाळपर्यंत तिथेच खुर्ची टाकून बसला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
बोटी बांधणारे सुतार हात लावायला तयार नाहीत. लाकूड असेल तर सांगा म्हणतात. शेवटी उस्मानचाचा. बाजारात टोपांना आणि डेगींना नवी बुडं बसवतात. पंचवीस वर्षं हेच काम. नमाज आटोपून आले, होडीखाली आडवे झाले, बराच वेळ नुसते बोट फिरवत राहिले. एवढ्या मोठ्या टोपाला बूड पहिल्यांदाच, म्हणाले. दर शुक्रवारी दुपारी येतील. वेल्डिंग नको, रिबीट मारायचे, सांध्यात रंगात भिजवलेली सुताची पट्टी.
पाठ दुखते. होडी धरून मीच उभा असतो.

९ मार्च
नानाच्या सूचना खुर्चीतून. मधली आडवी बैठक कापून टाक. उजवी कड चार बोटं खाली घे, म्हणजे एका हाताने जाळं ओढता येईल. कडेला लाकडी रूळ बसव, जाळं त्यावरून सरकेल. सुकाणूचा दांडा उजव्या काखेत येईल असा वाकव. हे सगळं त्याने ओटीवर बसून कधी ठरवलं होतं कोण जाणे. बोलताना घोरपडीसारखा मान वर काढून बघतो.
वहिनीने मला विहिरीवर गाठलं. हात चालत नाही त्याला होडी कशाला, म्हणाली. मी काहीतरी बोललो. डॉक्टर असं म्हणाले, तसं म्हणाले.
"भावजी, तुमचं काम लिहायचं. ते बुडाले तर तेही लिहाल."
मी तिची घागर उचलून दिली. 

२८ मार्च
चाचा आले नाहीत. पुढचा शुक्रवारही नाही, मुलीचं लग्न. संपादकांचं पत्र, आंब्यावर दोन कॉलम पाहिजेत, बुधवारपर्यंत. तेवीस वर्षं दर मोसमात आंब्यावर दोन कॉलम. जुनं कात्रण पाठवलं तरी कोणाला कळणार नाही. पाठवलं नाही, नवं लिहिलं. तेही जुन्यासारखंच झालं.

२५ एप्रिल
बुडाची ठिगळं झाली. अकरा. चाचांनी प्रत्येक ठिगळ नखाने वाजवून दाखवलं. पाणी भरून पाहिलं, होडी पाण्यात घालण्याऐवजी पाणीच होडीत. दोन ठिकाणी पाझर. पुन्हा रिबीट. सखारामने विचारलं, आता चूल किती मोठी लागणार.
नाना हसला. तोंड एका बाजूलाच हसतं, पण हसला.

३ जुलै
होडी उपडी, वर माडाची झापं. नानाही आत, भिंतीकडे तोंड करून. सगळ्या बातम्या दरडीच्या आणि बंद रस्त्यांच्या. लिहायला दुसरं काही नाही.

१९ ऑगस्ट
नारळी पौर्णिमा. मिरवणुकीची बातमी घ्यायची म्हणून मी जेट्टीवर. परत आलो तर वहिनी पूजेचं ताट घेऊन होडीपाशी. कोणी सांगितलं नव्हतं. कुंकू, नारळ, उदबत्ती. लाकडी होडी बांधताना नाळेखाली, म्हणजे पुढच्या टोकाच्या उभ्या लाकडाखाली, तांब्याचा पैसा ठेवायची रीत आहे. नानाच्या जुन्या होडीत आमच्या आईने ठेवला होता. हिला नाळ कुठली. वहिनीने पायाखालची मधली फळी उचलली आणि जुना ढब्बू पैसा तळाला ठेवून वर फळी घट्ट दाबून बसवली. नानाने टोपी काढली.
मला फार बरं वाटलं. सात महिन्यांत पहिल्यांदा. तिने होडी मान्य केली असं धरून चालतो.

२४ ऑगस्ट
चौघांनी उचलून पाण्यात. जेट्टीच्या आतल्या अंगाला बांधून ठेवली. इंजिन जुनंच, रॉकेलवर चालतं, दोरी ओढायला दोन हात लागतात. त्यावर अजून उपाय नाही. गणपती होऊ दे, समुद्र निवळू दे, मग पाहू, असं नाना म्हणतो. रोज सकाळी मी जाऊन डब्याने पाणी उपसतो. सांध्यांतून थोडं येतंच. खारं पाणी तळात डबडबलेलं.

२१ सप्टेंबर
दोरीला लाकडी मूठ, मूठ काखेत धरून कंबरेने झटका. नानाने स्वतः शोधलं. सहाव्या वेळी सुरू झालं. सहा वेळा मी तोंड फिरवून बसलो होतो.

५ ऑक्टोबर
पहिली फेरी. नाना सुकाणूवर, मी पुढे. बंदराच्या तोंडापर्यंत छान. लाट पत्र्याखाली थापट्या मारते, तो आवाज नानाला आवडत नाही. लाकूड असं ओरडत नाही म्हणाला. मग पाय ओले. घोट्यापर्यंत पाणी, रोजच्या पाझराचं नव्हे. मी उपसत राहिलो, नानाने होडी वळवली. त्याचा उजवा हात दांड्यावर पांढरा पडला होता.
वहिनी वाळूत उभी होती. माझ्या भिजलेल्या धोतराकडे पाहिलं आणि नानाला हात देऊन घेऊन गेली.

६ ऑक्टोबर
चाचांना घेऊन गेलो. मधली फळी उचलली. पैसा हिरवा झालेला, भोवती पांढरी भुकटी, भाकरीच्या पिठासारखी. चाचांनी पैसा सुरीने उचलला. खाली काडी आरपार जाईल एवढं भोक.
त्यांनी कपाळाला हात लावला. जर्मनच्या टोपात तांब्याची पळी आणि खारं पाणी ठेवलं तर दोन महिन्यांत टोपाची चाळण होते, हे त्यांच्या दुकानातलं पोरही सांगेल, म्हणाले. तांबं राहतं, जर्मन जातं. मला माहीत नव्हतं. नानालाही नव्हतं. लाकडात वाढलेली माणसं आम्ही.
नाना म्हणाला, "तिला सांगू नको."
"मग काय सांगू?"
"रिबीट सुटला म्हण."
चाचा उठून उभे राहिले. माझा रिबीट, म्हणाले, माझा रिबीट कधी सुटला? मग नानाच्या हाताकडे पाहिलं. खाली बसले, सुरी पुसली.
"बरं. सुटला म्हणा."

१० ऑक्टोबर, शुक्रवार
चाचा आले. वहिनीने त्यांना अंगणातूनच परत पाठवलं. बूडवाल्याने आता हात लावायचा नाही, तुमच्या रिबिटाने माझा माणूस गेला असता, म्हणाली. चाचा खाली मान घालून हत्यारांची पिशवी उचलून गेले. मी घरात होतो, ऐकत. नानाही ऐकत होता. दोघांपैकी कोणी उठलं नाही.
रत्नागिरीत दुसरा माणूस नाही या कामाचा. पण मला जे टोचतंय त्याचं कारण ते नव्हे.

१४ ऑक्टोबर
आयुष्यभर खोट्या बातम्या खोडत आलो. ही घरात बसली होती, झोप येईना. सांगितलं. वहिनी बांगडे साफ करत होती. हात थांबला नाही.
"म्हणजे मीच भोक पाडलं."
कोणालाच माहीत नव्हतं, म्हटलं. नानालाही नव्हतं.
"त्यांना आता माहीत हाय ना? कधीपासनं?"
आठ दिवस, म्हटलं. तिने बांगडे पाण्यातून काढले, ताटात लावले. रडेल असं वाटलं होतं. नाही.

१६ ऑक्टोबर
वहिनी स्वतः बाजारात गेली. घरातले दोन टोप चाचांच्या दुकानावर ठेवून आली, बुडं बसवायला. त्यांतल्या एकाचं बूड चांगलं शाबूत होतं. चाचांनी ते बघितलं, तोही ठेवून घेतला.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
चाचा कामावर. वहिनीचा चहा दोनदा. बारावं ठिगळ. पैसा पुढच्या लाकडी बैठकीवर, खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा, पाण्यापासून हातभर वर. वहिनी म्हणाली देवाला उंची चालते.
नानाशी ती बोलत नाही. जेवायला वाढते, हात धुवायला पाणी देते, बोलत नाही.

२ नोव्हेंबर
भाऊबीजेपर्यंत निघायचं ठरलं होतं. आज होडी कोरडी, चार दिवस पाण्यात असून तळ कोरडा. नाना आत बसला, दांडा धरला. म्हणाला, वारा बरोबर नाही. वारा नव्हताच.

४ नोव्हेंबर
पाणी गढूळ आहे म्हणाला.

७ नोव्हेंबर
आज फक्त बसला. अर्धा तास. बोटं कडेवर, रूळाच्या शेजारी, सोडवेनात. सखाराम जाळं खांद्यावर टाकून पलीकडून गेला, आणि काहीच बोलला नाही. सखाराम बोलला नाही तेव्हा मला कळलं की नाना घाबरलाय हे सगळ्या आळीला कळलंय. दहा महिने आम्ही वहिनीची भीती काढत होतो.
मी येतो बरोबर, म्हटलं. "तुला बुधवारचं लिहायचं असेल," म्हणाला.
थकलो. होडी विकावी असं प्रथमच मनात आलं. नानाला बोललो नाही.

९ नोव्हेंबर
सकाळी नाना होडीत, मी पाण्यात कंबरभर, कड धरून. आजचं कारण ऐकायच्या तयारीत. वहिनी वाळूवरून आली. चपला काढून हातात. आमच्याकडे बायका मासेमारीच्या होडीत बसत नाहीत, मासळी बाजारात नेतात, होडीत नाही. कासोटा घट्ट केला, माझ्या खांद्याला धरून आत चढली, पुढच्या बैठकीवर नानाकडे तोंड करून बसली. महिन्याभराने त्याच्याशी पहिलं वाक्य:
"मला पोहता येत नाय. तुमचा एक हात. बघू कोण कोणाला काढतं ता."
 नानाने मूठ काखेत घेतली. तिसऱ्या झटक्याला इंजिन लागलं.
मी ढकललं. पत्रा वाजत गेला, बराच वेळ ऐकू येत होता. वाळूत बसून राहिलो. शेजारी सखाराम येऊन बसला, बिडी दिली. मी बिडी ओढत नाही, ओढली.
दीडेक तासाने परत. जाळ्यात दोन ढोमे. वहिनीचं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, चेहरा पिवळा, दोनदा उलटी झाली म्हणे. नाना उतरताना माझा हात न घेता उतरला, पडता पडता.
उद्या एकटा जाणार म्हणाला. आम्हा दोघांकडे न बघता.
वहिनी वाळूत वाकून पाय धूत होती.  घरी येताना मागे राहून मला विचारलं, उद्या भरती किती वाजता. इतक्या वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. भरती कशासाठी हवी, होडीत चढायला की वाळूत वाट बघायला, समजलं नाही. सांगितली.