मेव्हण्याने भरलेला इन्कमटॅक्सचा फॉर्म

सोलापूर, ज्येष्ठ वद्य पंचमी, शके १८५४

रा. रा. हिंदुराव मेव्हणे, मुक्काम बार्शी, यांस सिद्धाप्पाचा रामराम. तुमचा खोकला गेला का, कारकुनी कशी चालली आहे, ते कळवावे. इकडे सगळे बरे आहेत. झोप तेवढी माझी गेली आहे, ती तुमच्यामुळे.

यंदा सरकारने आमच्यासारख्या घोंगड्या विकणाऱ्यांनाही इन्कमटॅक्स लावला, तेव्हा इंग्रजी येणारा घरचा माणूस म्हणून मी तो फॉर्म तुमच्या हाती दिला. (तुमची बहीण म्हणाली होती, देऊ नका.) मंगळवारी कचेरीत बोलावणं आलं. तुमची बहीण बाजाराला निघालीच होती, म्हणून सोबत आली. साहेब मराठी माणूस, शांतपणे एकेक ओळ वाचू लागले. शेतीचं उत्पन्न ह्यात धरायचंच नसतं, ते तुम्ही कडब्याच्या पेंढीसकट लिहिलंत. भाड्याने दिलेल्या खोल्या लिहायच्याच होत्या, त्या विसरलात. आकडे दोन सालांपूर्वीचे. धाकटीच्या बारशाचं जेवण दुकानाच्या खर्चात घातलंत, आणि त्याखाली ‘मेव्हण्यांचा पाहुणचार’. हे मेव्हणे धंद्यात काय करतात, असं साहेबांनी विचारलं. मला सांगता आलं नाही. (अजूनही येत नाही.) शेवटी सही. माझी सही तुम्हीच ठोकलीत, तीही माझ्यापेक्षा वळणदार. साहेबांनी समोर करायला लावली, तेव्हा माझीच खोटी दिसू लागली.

तरी हात जोडून निभावलं असतं. पण साहेबांनी नफ्याचा आकडा वाचला, आणि तुमची बहीण पदर सावरून उभी राहिली.

"एवढ्यात आमचं भागतंय व्हय? चार माणसांत आमची अब्रू हाय की न्हाय, साहेब? ल्हिवून घ्या, मी सांगते."

आणि खोल्यांचं भाडं, जत्रेतली विक्री, लोकरीची दलाली, मलाही ठाऊक नव्हतं ते सगळं सांगून मोकळी झाली. बाईंनी खरं सांगितलं म्हणून साहेबांनी दंड माफ केला. कर मात्र पुरता लावला. येताना ती गल्लीभर सांगत आली, की सरकार आमच्याकडनं कर घेतंय. माझी मान खाली, तिची वर.

सबब, यापुढे माझ्या कुठल्याही कागदाला तुमचं बोट लागू नये, एवढीच विनंती. मुलांना आशीर्वाद.

सिद्धाप्पा

ता. क. – साहेबांनी नवा कोरा फॉर्म दिला आहे. इंग्रजीत आहे. रविवारच्या आत या.

आणखी एक – आकडे तुमची बहीण सांगेल, तुम्ही फक्त लिहायचे. मात्र ती बाळीवेशीतल्या दुसऱ्या दुकानाचं उत्पन्न सांगू लागली, तर लिहू नका. ते दुकान अजून घ्यायचं आहे.